चुना सोडतो

तार्तूमध्ये मार्चचा चिखल अजून गोठलेला.
रसायनशास्त्राची जुनी इमारत पाडत नाहीयेत,
उसवताहेत.

काल्यू एकेक वीट मांडीवर घेतो,
छिन्नीची बोथट बाजू, दोन ठोके, तिसरा हलका,
आणि शंभर वर्षांचा चुना
वाळल्या खपलीसारखा निघून येतो.
उत्तरेची भिंत मात्र नंतरची, सिमेंटची.
तिथं वीट फुटते, सांधा फुटत नाही.
"चुना सोडतो," काल्यू म्हणतो, "म्हणून वीट वाचते."
एवढंच. मग तो थर्मासचं झाकण शोधू लागतो.

त्रीनूच्या वहीत आकडे:
नव्या प्रयोगशाळेला विटा लागणार चाळीस हजार,
हाती आल्यात एकतीस.
वाफा ओढणारी धुराडी दिवसरात्र हवा बाहेर फेकणार,
गरम हवा, पैसे मोजून गरम केलेली.
तिची ऊब वाटेतच काढून घ्यायची
नि आत येणाऱ्या गार हवेच्या अंगावर घालायची,
थोरल्याचा स्वेटर धाकट्याला घालतात तशी.
हे तिनं कुलगुरूंना तीनदा समजावलं.
तिसऱ्यांदा त्यांना स्वेटर समजला.

गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरची फळी उचलली
आणि खाली, फटीतल्या धुळीत,
चकाकत पळाले चार-पाच थेंब.
पारा.
काम बंद. पांढरे पोशाख, पिवळी फीत,
तोंडावर मुखवटे, फोनवर फोन.
पाइनच्या ज्या फळ्यांचा नवा जिना होणार होता
त्या सगळ्या वहीतून खोडल्या.
त्रीनूनं पेन इतकं दाबलं
की मागच्या पानावरही जिना राहिला नाही.

कुंपणाशी रोज येऊन उभी राहणारी म्हातारी
त्या दिवशी फाटकातून आत आली.
विर्वे. एकोणचाळीस वर्षं इथली काचभांडी धुतलेली.
"चौऱ्याहत्तर साली," ती म्हणाली,
"माझ्या हातून थर्मामीटर फुटला.
पगारातून कापतील म्हणून
केरसुणीनं फटीत लोटला सगळा."
कुणी हसलं नाही.
काल्यूनं साफ केलेल्या विटांचा एक थर रचला,
वर आपला कोट अंथरला,
तिला बसवलं.

संध्याकाळी बरणी तराजूवर ठेवली.
"तीन ग्रॅम," त्रीनूनं वाचलं
आणि वहीत मांडणार,
तोच विर्वे चष्मा पुसत म्हणाली,
"मग अजून शोधा.
मी दोन फोडले होते."