गट्टी

आमच्यात हरवलेलं काही शोधावं लागत नव्हतं.
गोटी, बटण, ह्यांची बीपीची गोळी,
हातातून सुटलं की ईशान्येच्या कोपऱ्यात जायचं,
लोखंडी कपाटाखाली.
हात घातला की मिळायचं, धुळीसकट.
कितीतरी वर्षं आम्ही त्याला सोय समजलो.

भिंतीची भेग आधी केसाएवढी,
मग पंचांगाचा खिळा मावेल एवढी.
ह्यांनी तिच्या कडेनं पेन्सिलीनं तारखा घातल्या,
पोराची उंची लिहावी तशा.
वैशाखात उघडायची, भाद्रपदात मिटायची,
पण मिटताना दरवर्षी थोडं हातचं राखून.

निपाणीच्या अकोळ रोडला तंबाखूचं रान होतं हे.
वखारीत पाला निवडून, भिशी लावून
घेतलेले अडीच गुंठे.
काळी तंबाखूला मानवते, घराला नाही,
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी घेतलेच असते.
दुसरीकडचं परवडत कुठं होतं.

सदलग्यांचा इंजिनियर पोरगा उकिडवा बसून म्हणाला,
"काकू, बांधकामात खोट नाही.
माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते.
तिच्याशी भांडायचं नाही. तिच्या खाली जायचं."

मग टेम्पोतून उतरले लोखंडी खांब,
टोकाला पातं गुंडाळलेलं.
मी म्हटलं, हे तर गिरमिट!
मशीनवाला मलगौडा हसत सुटला.
त्याच्याकडं गिरमिट म्हणजे
कांदा-चिंच घातलेले चुरमुरे.

पाया उकरला तेव्हा मला बघवेना.
आपल्याच घराचं जोतं असं उघडं,
बाजारात कुणाचं लुगडं सरकावं तसं.
दगडाखाली मूठभर पोकळी,
त्यात एक बेडूक, अगदी घरमालकासारखा.

ठोकत नव्हते ते. पिळत होते.
मळसूत्र सावकाश आत गेलं,
आवाज काय तो पंपाचा.
एक कांब संपली की दुसरी, बोल्ट, पुन्हा फेरे.
बारा फूट काळी. मग पिवळट, शाडूसारखी.
मलगौडाची नजर काट्यावर,
माझी मलगौडाच्या तोंडावर.
ह्यांनी तेवढ्यात तिसऱ्यांदा खर्च विचारला.

सोळा फुटांवर दांडा थरथरला.
"गट्टी!" मलगौडा ओरडला, "गट्टी आगेद!"
मला वाटलं, ह्याची कुणाशी जमली गट्टी?
मुरूम लागला होता.
कन्नडात गट्टी म्हणजे घट्ट.
मी दोन्ही अर्थ ठेवून घेतले.
असे आठ खांब,
आठ वेळा तो ओरडला, आठही वेळा मी हसले.

दुसऱ्या दिवशी जॅक. एका वेळी पाव फेरा.
भिंत कण्हली, सज्जाचा पोपडा पडला,
बेडूक कधी गेला कळलं नाही.
भेग खालून मिटत दोन हजार बाराच्या तारखेपाशी आली,
तेव्हा सदलग्यानं हात वर केला. "पुरं."
"अजून बोटभर आहे की," हे म्हणाले.
"राहू दे काका. सगळं उचललं तर दुसरीकडं फुटेल.
वाकडं उभं राहायची सवय लागलीय त्याला."

आणि दार.
भीमशी सुताराकडून पाच वेळा रंधा मारून घेतलेलं,
वाकड्या चौकटीसाठी तासत आणलेलं दार
सरळ चौकटीत तोकडं पडलं.
वरच्या फटीतून आता सकाळी
फरशीवर उजेड येतो, समोशाच्या आकाराचा.
भीमशी म्हणतो पट्टी मारतो.
मी म्हणते, बघू दिवाळीनंतर.

काल ह्यांची गोळी हातातून सुटली.
मी उठले, कपाटाखाली हात घातला, चाचपलं.
धूळ. एक जुनं बटण.
"अगं, कुठं चाललीस," हे म्हणाले.
पडली तिथंच होती गोळी,
त्यांच्या अंगठ्याशेजारी,
गुमान.