दुसरा अध्याय, सातवी ओळ

गुरुवारी संध्याकाळी, बेत साहूरमध्ये,
चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सहा बायका
आणि रॉकेलची एक शेगडी, फक्त माझेच पाय भाजणारी.
मी वही आखून आणलीय: दोन रकाने.
डावीकडे मेंढपाळ, उजवीकडे ज्योतिषी.
डावीकडे गव्हाण, उजवीकडे घर.
खानेसुमारी एकात, हेरोद राजा दोन्हींत,
पण डावीकडे नुसता नावापुरता.
देवदूतही दोन्हीकडे; इथे तिच्याशी बोलतो,
तिथे त्याच्या झोपेत शिरतो.
बैलाला नि गाढवाला रकानाच नाही,
ती चित्रकारांनी नंतर आणून बांधली.
(इथे निस्रीन खट्टू झाली. तिचा नवरा
ऑलिव्हच्या लाकडाचे बैल कोरून विकतो.)

मग उतारशाळेपाशी आलो.
मी म्हणाले, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ
पाहुण्यांची खोली असाही होतो.
दार लावून घेणारा मालक कुठेच लिहिलेला नाही.
घरच असेल, नातलगांनी गच्च भरलेलं,
वर माणसं, खाली जनावरं,
वदीआच्या आजोळी होतं तसं.

वदीआ इतका वेळ मरमियाच्या चहात साखर ढवळत होती.
एकेचाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई,
अर्धं गाव तिच्या तळहातावर पहिल्यांदा रडलेलं.
तिनं चष्मा कपाळावर सारला.
"ती सातवी ओळ परत वाच."

मी वाचली. तिनं मुलाला जन्म दिला,
बाळंत्यात गुंडाळलं,
गव्हाणीत ठेवलं.

"तिनंच?
नाळ कुणी कापली?
मीठ-तेल कुणी चोळलं अंगाला?
वार पडेपर्यंत उशाशी कोण होतं?
पहिलटकरीण पोर, तिला उठवतं तरी का?
घर माणसांनी भरलेलं होतं म्हणतेस,
मग त्या बायका काय गच्चीवर होत्या?"

माझ्या वहीत याला जागा नव्हती.
म्हणाले, लिहिणाऱ्याला तेवढं महत्त्वाचं वाटलं नसेल.
"लिहिणाऱ्याला खोलीबाहेर काढलं असेल,
आम्ही काढतोच."

सगळ्या हसल्या. ती नाही.
मग सांगू लागली, संचारबंदीचा हिवाळा,
गल्लीपलीकडून कळांचा आवाज येत होता
आणि गल्ली ओलांडायची सोय नव्हती.
खिडकीतून ओरडत राहिले रात्रभर:
आता थांब. आता जोर कर.
आता दोरा घट्ट बांध, दोन ठिकाणी, मग काप.
पोरगी एकोणीस वर्षांची, घरात एकटी.
उजाडल्यावर सोडलं तेव्हा जाऊन पाहिलं,
बाळ पिठाच्या परातीत,
आईच्याच ओढणीत नीट गुंडाळलेलं.
"तिनंच," वदीआ म्हणाली,
या वेळी विचारलं नाही.

मेंढपाळांपर्यंत त्या दिवशी पोचलोच नाही.
शेगडी विझवताना निस्रीननं विचारलं,
आणि ते बाळ?

"ते? चौकात मोबाइल दुरुस्त करतं.
मलासुद्धा उधार ठेवत नाही."