झिलूच्या वाटची दोन मिनिटं

चेंबूर, पाच मजले, त्यावर गच्ची.
टाकीच्या सावलीत आम्ही नऊजण,
सात गुडघ्यांसाठी,
एक घरी करमत नाही म्हणून,
आणि मी पोटासाठी.

जयलक्ष्मीबाई सांगतात, पाची बोटांची टोकं जुळवा.
त्यांचं मराठी पालघाटाहून आलेलं,
पण 'ळ' आमच्यापेक्षा ठणठणीत:
जुळवा म्हणतात, आणि ती जुळतातच.
अंगठा अग्नी, तर्जनी वारा,
मधलं आकाश, अनामिका माती, करंगळी पाणी.
ही समान मुद्रा. नाभीपाशी राहतो तो वायू,
आलेलं अन्न ज्याचं त्याला वाटून देतो.
हात मांडीवर, तळवे वर. दहा मिनिटं.

दहा मिनिटं म्हणजे काय हे मला कुणी सांगू नये.
एकतीस वर्षं मी काटे बघत बसलो होतो
त्या तिथे, माहूलच्या अंगाला,
जिथे चिमणीच्या टोकावर ती ज्योत
भर दिवसासुद्धा जळत असते.
पाहुणे विचारायचे, एवढा गॅस फुकट का जाळता?
मी सांगायचो, कारखान्यालाही अपचन होतं.
पचत नाही ते पोटात ठेवायचं नसतं,
वर न्यायचं, उजेडात, आणि जाळून टाकायचं.
हे सांगणाऱ्याच्या खिशात तेव्हा
कायम अँटासिडची पट्टी.
रात्रपाळीचा डबा आठ मिनिटांत संपायचा,
नजर पॅनेलवर,
भाजी कोणती होती ते झाकण लावताना कळायचं.

डोळे मिटा, बाई म्हणतात. घास धरतो तशी धरा बोटं,
फक्त घास नाही.

घास नाही.

जळितांचा वॉर्ड. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल.
झिलू परब, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.
वाफ सुटली तेव्हा तो समोर होता,
मी नव्हतो. मी चहा आणायला गेलो होतो.
एकवीस दुपारी मी त्याला भरवलं.
मऊभातात मीठ जास्त झालं की तो भुवया उडवायचा,
घाई केली की म्हणायचा,
"रे, हळू. मी खंय पळान जातंय?"
त्याआधी मला ठाऊकच नव्हतं
एका घासाला किती वेळ लागतो:
बोटं जुळायला, तोंड उघडायला,
गळ्यातली घाटी वर जाऊन खाली यायला.

हात बरे झाले त्याचे. म्हणजे डॉक्टर बरे म्हणाले.
कातडी आक्रसली. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे,
आग आणि पाणी
आता एकमेकांना भेटत नाहीत.
गावी असतो, देवगडकडे. चमच्याने जेवतो,
माशाचे काटे वहिनी काढून देते.

पहिल्या दिवशी क्लास सुटल्यावर त्याला फोन केला.
अरे, पोटाला बरं असतं, म्हटलं,
अशी अशी पाची बोटं जुळवायची,
आणि मग जीभ चावली.
पलीकडे बराच वेळ नुसता कोंबडा.
मग तो हसला,
"माका ता जमूचा नाय रे.
माझ्या वाटची दोन मिन्टां तूच धर."

तेव्हापासून बारा मिनिटं.
बाकीचे चटया गुंडाळतात,
देसाईकाकू जिन्यात उभ्या राहून
आपल्याच कुकरच्या शिट्ट्या मोजतात,
बाई गच्चीची किल्ली हातात घेऊन थांबतात. विचारत नाहीत.
जळजळ गेली का? तशी नाही.
पट्टी आता महिनाभर पुरते, एवढंच.
पण अकराव्या मिनिटाला
उजव्या हाताची बोटं गरम व्हायला लागतात,
वाफाळत्या भातात शिरल्यासारखी,
आणि मी ती सोडत नाही.
डोळे उघडतो तर तिकडे
ज्योत वाऱ्याने एका अंगाला कललेली.
हळू, मी म्हणतो.
कोणाला, ते नक्की नाही.