थेट हवेतून

मेडिकल चौकातल्या आमच्या दुकानात
मागे, पडद्याआड, एक अंधारी खोली आहे.
हनुवटी टेकवायची पट्टी मी स्पिरिटनं पुसतो
आणि म्हणतो, कपाळ पुढे, पापणी लववू नका.

आज मिहानमधून रात्रपाळी करून आलेली
तृप्ती निखाडे.
"लेन्स काढून झोपत जा म्हटलं होतं ना?"
"येते का तशीच पडते, सर. हातच उठत नाही."

उजेडाची उभी फट तिच्या डोळ्यावर धरली.
पांढऱ्या-काळ्याच्या धुऱ्यावर
तांबड्या, केसाहून बारीक मुळ्या
आत सरकत होत्या.
जिथं जायचंच नसतं तिथं
रक्त निघालं होतं मदतीला.

या काचेत एकही नस नसते, मी म्हणालो.
असती, तर सगळं जग तुला जाळीतून दिसलं असतं.
म्हणून कॉर्निया रक्ताकडे श्वास मागत नाही,
थेट हवेतून घेतो.
हवा आधी आसवांत विरघळते, मग आत जाते,
तू रडत नसतेस तेव्हाही.

"ही हवा? नागपूरची?"
हीच. कोराडीची राख घेऊन येणारी,
कळमन्याच्या सडक्या संत्र्यांची,
मे महिन्यात तव्यावरून उठल्यासारखी.
त्याला दुसरी कोण देतो?

"अन् झोपल्यावर?"
पापणी आतून लाल असते ना, त्या अस्तराच्या नसांतून.
उघड्या डोळ्याला मिळतो त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.
तेवढ्यावर तो रात्र काढतो, सकाळी जरासा सुजलेला असतो.
त्या दोघांच्या मध्ये तू प्लास्टिक ठेवतेस.

ती गप्प झाली. मीही.

बाबा गेले तेव्हा नेत्रपेढीचा पोरगा
घरी आला आणि पहिलं म्हणाला, पंखा बंद करा.
मे महिना. घरात तीस माणसं.
बाबांच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवून
आम्ही घामानं निथळत बसलो.
हृदय थांबून चार तास झाले होते,
त्या दोन काचांना कुणी कळवलंच नव्हतं.

कुणाला बसवल्या ते सांगत नाहीत.
रक्त नाही, म्हणून रक्ताचं नातंही विचारलं नसेल.
कामठीत असतील, उमरेडला असतील,
घेत असतील जी मिळेल ती हवा.

तृप्तीनं स्वस्तातली फ्रेम मागितली,
चारशेच्या आतली.
जाताना दार उघडलं, लू आत आली.
तिचे लाल डोळे बारीक झाले,
मग पुन्हा उघडले.