पोकळ भिंत

विजापूर रोडच्या पुढे, जिथे नळाचं पाणी
पाचव्या दिवशी पोचतं आणि ऊन रोज,
तिथल्या सात मजल्यांच्या पश्चिमेच्या भिंतीवरून
कोनापुरे शेठचं आणि माझं दोन महिने वाजलं.

त्यांना काच हवी होती. "पुण्यात बगा की,
कसं निळं निळं चमकतंय."
म्हटलं, शेठ, पुण्याचं ऊन पुण्यात.
इथे दुपारी चारला
स्कूटरचं सीटसुद्धा माणसाला बसू देत नाही.
काच गेली. तिचे पैसे वाचले,
शेठना तेवढंच पटलं.

आता इराप्पा वीट निजवत नाही,
काठावर उभी करतो.
वीजकेंद्राच्या राखेची करडी वीट,
समोरासमोर दोन, मग एक आडवी, त्यांना धरून,
आणि मध्ये चार बोटं
काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवर माझं रोज लक्ष.
आत मसाला सांडला की काढायला लावते.
इराप्पा थापी पुसत म्हणतो,
"तीस वर्षं भरायला शिकलो,
मॅडम आता रिकामं ठेवाया लावतात."

एका रविवारी राजमल्लू चिट्याल आले,
पाचशे दोन नंबरचे.
एकतीस वर्षं जकार्डवर. कान मागातच राहिले,
पण बोटांना ऐकू येतं.
भिंतीवर टकटक केलं. थोडं सरकून परत केलं.
"पोकळ हाय की ओ.
पैसे तर भरीव घेतलात."

मी सांगत सुटले: उष्णता, हवेचा थर,
छज्जा इतका खोल का,
गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशा का,
पंख्याचं बिल, कूलरचं पाणी.
ते ऐकत नव्हते.
खिडकीपाशी एक थर अजून उघडा होता,
त्यात त्यांनी हात घातला, मनगटापर्यंत,
आणि तसेच उभे राहिले,
तुटलेला धागा शोधावा तसे.

"चादर," म्हणाले.
"आपली चादर दोन पदरी. वरचा पदर येगळा, खालचा येगळा,
नक्षीपुरती गाठ. मधी वारा.
म्हणून तर थंडी आत येत नाय."
हात काढला, राख झटकली.
"हे बिल्डिंगला पांघरलंय. उन्हासाठी."
आणि लगेच, व्यवहाराला जागून,
"पार्किंगचं काय केलात?"

मे महिन्यात सुतळीला दोन थर्मामीटर टांगले.
बाहेर त्रेचाळीस. आत पस्तीस.
आकडे पेन्सिलीने भिंतीवरच लिहिले,
दुसऱ्या दिवशी गिलावा चढला.
माहितीपत्रकात कारंजं आलं, कमान आली.
चार बोटं हवेचा फोटो निघत नाही.

रात्री माझ्या भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर,
दिवसभराचं ऊन स्लॅब व्याजासकट परत देतो.
पाठ टेकवत नाही अशा भिंतीला
बोटाच्या पेराने वाजवून बघते.
ठक.
भरीव आहे. अगदी भरीव.