नोंद नाही

खैरी ठाण्याची मुद्देमाल खोली,
साडेनऊ बाय अकरा.
एक झरोका, एक पिवळा दिवा,
चोरीच्या चार सायकली, मोहाच्या दारूचे कॅन,
पाकिटात कुणाचे तरी मंगळसूत्र,
आणि कोपऱ्यात गु. र. नं. ४१ ची तीन पोती,
जंगलू लेनगुरेच्या तुरीच्या ओळींमधून उपटलेली.

चावी माझ्याकडे. मी, ढोमणे, हेड मोहरर,
एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या वस्तू मोजणारा.

एप्रिलात उंदराने एक पोते कुरतडले.
सांडलेल्या बिया ज्वारीच्या दाण्याएवढ्या,
टरफलावर पुसट रेषांची जाळी.
मी त्या झाडून भरल्या, वजन जुळवले.
एक राहिली.
साहेबांच्या कूलरचे पाणी भिंतीतून झिरपते,
तिथे, फरशीच्या फटीत.

मंगळवारी पाहिले तर
वाकलेली पांढरी मान,
डोक्यावर टरफलाची टोपी तशीच,
साहेबांसमोर काढायला विसरल्यासारखी.

उपटायला हवे होते.
मी बाटलीच्या तळाशी उरलेले पाणी ओतले,
मग ऑइलपेंटचा रिकामा डबा शोधला.

पहिली दोन पाने गुळगुळीत, भोळी.
त्यांच्यावरची जोडी करवतीच्या काठाची, एकेका बोटाची.
मग तीन बोटे. मग पाच.
जूनच्या पहिल्या आठवड्यात सात.
डायरीच्या शेवटच्या पानावर
तारीख लिहायचो, पुढे बोटे,
पोराची उंची दारावर खडूने लिहायचो तशी.
(तो आता हिंगण्याला कंपनीत आहे. दोन पाळ्या करतो.)

पाने आधी समोरासमोर येत होती.
वर गेल्यावर एकाआड एक झाली,
वाटणी झालेल्या भावांसारखी.
खोड झरोक्याकडे कलले. मी डबा फिरवला.
चार दिवसांत ते पुन्हा तिकडेच.

झाडू मारणारी सुमित्राबाई दारातून म्हणाली,
"अंबाडी लावली का जी? भाजीले देजा मंग."
मी म्हटले, हो.
नोकरीतली सगळ्यात लहान खोटी साक्ष.

जुलैत जंगलूला तारखेवर नेताना
सील दाखवायला खोलीत आणले.
पोत्यांकडे त्याने पाहिलेच नाही.
बेडीसकट डब्याशी उकिडवा बसला,
पेऱ्यावरचे पान अंगठ्याने हळूच बाजूला केले.
"हा नर हाये, साहेब. पाहा, घुंगरं धरले त्यानं.
मादीले इथं पांढरे केस निंगतात.
अन् लय लांबला. उजेड नाई भेटला त्याले."
थोडे थांबून, "कोनाच्याच कामाचा नाई."

काढून टाकू का, मी विचारले.
ज्याच्यावर आरोप, त्यालाच.
तो म्हणाला, "नंबर हाये का त्याचा?"

नाही.
ना गुन्हा, ना पंच, ना वजन.
पंचनामा लिहायचा तर
घटनास्थळ खैरी पोलीस ठाणे,
फिर्यादी मी, पाणी घालणाराही मी,
सहआरोपी झरोक्यातला उजेड,
रोज चारच्या सुमारास फरार.

पंधरा दिवसांनी घुंगरे फुटली.
सकाळी कुलूप काढले तर
सायकलींच्या सीटवर, मंगळसूत्राच्या पाकिटावर,
पोत्यांवरच्या लाखेवर
पिवळी भुकटी, हळदीहून हलकी.
रात्रभर मादी शोधत खोलीत फिरली असणार.
मादी होतीही,
पोत्यात, वाळलेली, सीलबंद,
नागपूरच्या अहवालासह.

रोप अजून उभे आहे. खालची पाने गळताहेत.
मी रजिस्टर उघडून फुंकर मारली.
गु. र. नं. ४१ पुढचा शेऱ्याचा रकाना कोराच होता,
आता थोडा पिवळा आहे.