चार मिनिटं

अ‍ॅशबी हार्बरच्या विमानतळावर
हवामानाची नोंद करणारी मी एकटीच.
दर तासाला, पंचावन्नाव्या मिनिटाला
वारा, ढग, तापमान, दृश्यता.
त्या सोमवारची नोंद एकोणसाठाव्या मिनिटाला झाली.

बास. एवढंच.
त्या चार मिनिटांत आता अख्खी काउंटी राहायला आलीय.

रॉय तुओमिनेन खिळे वजनावर घालता घालता म्हणतो,
मंगळवारी खाणीविरुद्ध मत देणार होता सिनेटर,
मग सोमवारी कसं पडतं गं विमान?
लायब्ररीतली बार्ब म्हणते, सरोवरावर हिरवा उजेड दिसला,
तिच्या भावाला.
तो तेव्हा झोपलेला होता, पण दिसला.
चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात
कुणी पावाला लोणी लावत हळूच विचारतं,
तुला किती दिले?

कुठंतरी पाणी मुरतंय, असं म्हणता येत नाही यांना,
यांच्या भाषेत ते नाही.
मान तिरकी करून बघणं मात्र हुबेहूब तेच.

सांगितलं मी. तपासाला आले त्यांना, दोनदा, शपथेवर.
सिनेटर ऑस्ट्रँडर काउंटरवर हातमोजा विसरले.
डाव्या हाताचा, तपकिरी, अंगठ्याशी उसवलेला.
मी तो घेऊन पळाले.
दार लागलं होतं, पंखे फिरायला लागले होते.
मी मोजा उंच धरून हलवला.
त्यांना वाटलं, निरोप देतेय.
काचेआडून त्यांनीही हात हलवला,
तोच, उघडा.

अहवालात याची एक ओळ आहे, पान एकसष्ट.
बर्फाला बावीस पानं आहेत.
हातमोजा? रॉय हसला,
रचायचंच होतं तर जरा बरं तरी रचायचं.

बार्शीला बाबा गेले तेव्हा
आत्यानं उंबऱ्याजवळची फरशी पहारीनं उचकटली होती.
लिंबू निघेना,
तशी ती एकेका शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली.
मी नुकती बीएस्सी झालेली.
केवढी हसले होते.

जे अहवालात नाही, कारण कुणी विचारलं नाही, ते असं:
परत येताना माझे केस ताठ झाले होते.
भुरभुर पाणी पडत होतं, आणि टेकेल तिथं काच होत होतं,
बाहीवर, पापणीवर, मोज्याच्या उसवलेल्या अंगठ्यावर.
पाणी कुठंही मुरत नव्हतं.
आत येऊन मी ते टाइप केलं.
पंचावन्नला खिडकीशी असते
तर ते डेल किव्हेलाच्या कानात गेलं असतं
चाकं जमिनीवर असताना.
किंवा नसतंही गेलं.

म्हणून कधी कधी पहाटे गाडी थांबवून
बार्बच्या भावाचा तो हिरवा उजेड
मीही शोधते सरोवरावर.
दिसला तर किती बरं होईल.

डेलची बायको मार्लिस येते, बहुधा गुरुवारी.
इंजिन चालूच ठेवते बाहेर.
सोळा हजार तास उडवलंय त्यानं, म्हणते,
त्याला बर्फ कळत नव्हता?
मग काउंटरवर दोन्ही तळवे पसरून,
आदल्या रात्री हँगरमध्ये कुणीतरी होतं ना?
तू बघितलंस ना?

हो म्हणायला काय लागतं.
एक अक्षर. तिचा नवरा सुटतो,
मीसुद्धा.

घड्याळात चोपन्न.
बस, म्हटलं, कॉफी घे, आले नोंद करून.

वारा वायव्येचा, सात.
ढग विरळ.
दृश्यता दहा मैल.
आकाशातून काहीही पडत नाही.